पापणीचा रंग

सोनूबाईच्या शेळ्या मरायला लागल्या तेव्हा श्रावण संपत आला होता. आधी एक पाट गेली, अजून न व्यालेली, मग एक दुधावरचं करडू, आणि मग ढवळी. ढवळी दुधाला चांगली होती, अंगानंही भरलेली. आदल्या संध्याकाळी तिच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायला लागली होती. बोटानं दाबली की मऊ लागायची. सकाळी सुनेनं, चेतनानं, गोठ्याचं फळकूट बाजूला केलं तर ढवळी पाय ताणून पडली होती. बाकीच्या शेळ्या तिच्यापासून लांब, भिंतीला चिकटून उभ्या होत्या.

चेतना तिथंच थांबली. तिला रडू आलं नाही. पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की आज कामावर उशीर होणार.

मुलुंड पश्चिमेला डोंगराच्या अंगावर जी वस्ती चढत गेली आहे, तिच्या अगदी वरच्या रांगेत यांचं घर. मागे पत्र्याचा गोठा, त्याच्या मागे बंद पडलेल्या खाणीचा कापलेला कडा आणि मग जंगल. सोनूबाई इथं आली ती बहात्तर सालच्या दुष्काळात, जालन्याकडून, नवऱ्याच्या मागोमाग. नवरा कुंडलिक खाणीत दगड फोडायचा. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तिला शहर म्हणजे काय ते कळायच्या आधी सुरुंगाचा आवाज कळला. दुपारी शिट्टी वाजली की बायका पोरांना धरून आडोशाला बसायच्या.

पुढे एकदा कुंडलिकनं खडीच्या ट्रकच्या केबिनमध्ये बसवून एक ठिपक्या कानांची पाट आणली. कुठून आणली ते त्यानं कधी नीट सांगितलं नाही. "तुला गावाकडं शेळ्या लागायच्या ना, घे," एवढंच म्हणाला. खाणीच्या भुकटीनं त्याची छाती भरत गेली आणि मुलगा केतन दहाबारा वर्षांचा असताना तो वारला. नंतरची वर्षं सोनूबाईनं त्या ठिपक्या कानांच्या वंशावर काढली. दूध विकलं, बोकड विकले, केतनला शिकवलं, वाढवलं, त्याचं लग्न लावलं. आता गोठ्यात जी कबरी होती ती त्याच पहिल्या पाटीच्या लेकीच्या लेकींतली. कान तसेच ठिपक्यांचे.

केतन अंधेरीला सिनेमाच्या सेटवर लाइटचं काम करायचा. कामं लागली की दोनदोन दिवस घरी यायचा नाही, आणि नसली की घरात झोपून असायचा. त्यांची मुलगी श्रुतिका नर्सिंग शिकायला नाशिकला हॉस्टेलवर होती. चेतना अंधेरीच्याच एमआयडीसीत एका औषधाच्या कारखान्यात होती. समोरून पट्ट्यावर गोळ्यांची पाकिटं सरकत जायची आणि तिनं बघायचं, एखादा खळगा रिकामा आहे का, एखादी गोळी फुटली आहे का. दिवसभर तेच. घरी येईपर्यंत डोळ्यांच्या मागे दुखायला लागायचं. शेळ्या तिला आवडायच्या नाहीत. ती घाटकोपरला चाळीत वाढलेली. लग्न होऊन आली तेव्हापासून कपड्यांना, केसांना, डब्यालासुद्धा बोकडाचा वास येतो असं तिला वाटायचं. पण सोनूबाईचे गुडघे गेल्यापासून झाडलोट तिच्याच गळ्यात पडली होती. ती सासूला आत्या म्हणायची. बोलणं मोजकं, भांडण त्याहून मोजकं.

"आत्या, ढवळी गेली," ती आत येऊन म्हणाली.

सोनूबाई चुलीपाशी बसली होती. उठली नाही. "औशद पाजलं व्हतं की मी."

"पाजलं होतं ना. तरी गेली."

"समद्यांना पाजलं व्हतं. येक न्हाई सोडली."

ते खरं होतं. सोनूबाई वर्षानुवर्षं जंताचं औषध पाजत आली होती. पशुखाद्याच्या दुकानातून पांढरी बाटली आणायची, सगळ्या शेळ्या एका दिवशी धरायच्या, बाटलीचंच झाकण भरून एकेकीच्या तोंडात ओतायचं. शेळी मोठी असो, लहान असो, झाकण तेच. पावसाळ्यात तर दर महिन्याला. आधी गुण यायचा. शेळ्यांच्या अंगावर तेज यायचं, हगवण थांबायची. गेली दोन वर्षं मात्र औषध पाण्यासारखं झालं होतं. तिला वाटायचं बाटलीत भेसळ आहे.

केतन त्या दिवशी घरी होता. त्यानं आणि चेतनानं ढवळीला गोणत्यात घालून रस्त्यापर्यंत उतरवलं, फोन करून कचऱ्याची गाडी बोलावली. गाडी यायला उशीर झाला. चेतना साडीला हात पुसत गोणत्याशेजारी उभी राहिली.

"विकून टाकू सगळ्या," केतन म्हणाला. "काय ठेवलंय त्यात? तुझी वाट लागते, आईची वाट लागते."

"तू सांग तिला."

"मी सांगितलं की ती जेवत नाही."

त्या दिवशी चेतनाचा अर्धा रोज गेला.

चारपाच दिवसांत दुसरी शेळी, लालन, तशीच सुस्त झाली. चारा पुढे टाकला तरी बघेना. या वेळी सोनूबाई स्वतःच म्हणाली, "सरकारी दवाखान्यात न्यायची का?" तिनं असं कधी म्हटलं नव्हतं. चेतनानं रजा टाकली. तीन रिक्षावाले नाही म्हणाले. चौथा वस्तीतलाच निघाला, त्यानं सीटवर प्लॅस्टिक अंथरायला लावलं. लालनचं डोकं सोनूबाईच्या मांडीवर होतं. रस्त्यात सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा सोनूबाई म्हणाली, "जड झाली गं ही." चेतनानं वाकून बघितलं. लालन गेली होती.

"परत फिरू का?" रिक्षावाल्यानं विचारलं.

"नको," चेतना म्हणाली. "आता आलोच आहोत तर दाखवू."

दवाखान्यातल्या डॉक्टर क्षमा मध्यम वयाच्या होत्या. आवाज बसलेला, हातात रबरी मोजे. त्यांनी मेलेली शेळी बघून कपाळाला आठ्या घातल्या नाहीत. "बरं केलंत आणलीत," म्हणाल्या. "तुमची हरकत नसेल तर उघडून बघू. बाकीच्या वाचवायच्या तर कशानं मरतायत ते कळायला हवं."

मागच्या पडवीत सिमेंटच्या ओट्यावर त्यांनी पोट उघडलं. चेतना तोंडावर ओढणी धरून उभी होती. डॉक्टरांनी पोटाच्या शेवटच्या कप्प्याचं अस्तर उलगडलं तर त्यावर केसासारखे बारीक, लालसर जंत वळवळत होते. एकदोन नव्हते, अस्तर हलल्यासारखं वाटत होतं.

"हे रक्त पितात," डॉक्टर म्हणाल्या. "अंगातलं रक्त संपतं, मग जबड्याखाली पाणी साठतं. दिसतायत ना, मावशी?"

"दिसत्यात की," सोनूबाई लगेच म्हणाली.

डॉक्टरांनी मग सगळं विचारून घेतलं. शेळ्या कुठं चरतात, औषध कुठलं, किती, कधी. सोनूबाईनं सांगितलं की वस्तीच्या कडेनं जुनी पाण्याची पाइपलाइन जाते, तिच्या एका जोडाखाली कायम ओल असते, तिथं बारा महिने कोवळं गवत असतं. गुडघ्यांमुळे लांब डोंगरावर जाता येत नाही, म्हणून ती तिथंच शेळ्या सोडून बसते.

"तिथंच घोळ आहे," डॉक्टर म्हणाल्या. "लेंडीतून जंताची अंडी पडतात, ओलीत फुटतात आणि पिल्लं गवताच्या पात्यावर चढून बसतात. शेळी जमिनीलगत चरली की ती पुन्हा पोटात. तुमच्या शेळ्या रोज त्याच ताटात हागतात आणि त्याच ताटात जेवतात. आता औषधाचं. एकच औषध, सगळ्यांना, सारखं सारखं, आणि तेही कमी मापात. शेळीला मेंढीपेक्षा जास्त लागतं, वजनावर द्यावं लागतं. अर्धवट औषधानं अशक्त जंत मरतात आणि दांडगे राहतात. मग त्यांचीच प्रजा वाढते. माझा अंदाज आहे की ते औषध आता तुमच्याकडे चालत नाही. पण अंदाजावर नको. लेंड्या आणा. आत्ताच्या, आणि तेच औषध पाजून दीडएक आठवड्यानं पुन्हा."

चेतनानं तेही केलं. सकाळी उठून शेळ्यांच्या मागे पिशवी घेऊन उभं राहायचं, प्रत्येकीच्या लेंड्या वेगळ्या, पिशवीवर नाव. शेजारणी हसल्या. कामावर निघायच्या आधी ती पिशव्या दवाखान्याच्या दारात देऊन बस पकडायची. दुसऱ्या खेपेच्या लेंड्या तपासून डॉक्टरांनी सांगितलं की अंडी होती तेवढीच आहेत. जुनं औषध मेलं होतं, जंत जिवंत होते.

मग नवं औषध आलं. डॉक्टरांनी स्वतः येऊन काट्याला लटकवून शेळ्या तोलल्या आणि सुई नसलेल्या पिचकारीनं कसं पाजायचं ते दाखवलं. "पण हे सगळ्यांना नाही पाजायचं," त्यांनी बजावलं. "नाहीतर हेही दोन वर्षांत जाईल, आणि याच्यानंतर आपल्या हातात फारसं काही उरलेलं नाही. जिला गरज आहे तिलाच. कुणाला गरज आहे ते डोळा सांगतो."

त्यांनी कबरीला गुडघ्यांत धरलं, अंगठ्यानं खालची पापणी ओढली. आतला भाग दाखवला. "इथं लाल, गुलाबी असेल तर शेळी बरी आहे. जंत असले तरी तिला झेपतात. फिकट व्हायला लागलं की औषध. पांढरं झालं की धोका. पावसाळ्यात दर पंधरवड्याला बघायचं." आणि रंगांचे पट्टे छापलेलं एक कार्ड दिलं, पापणीशेजारी धरून ताडून बघायला.

त्याशिवाय पाइपलाइनजवळचं गवत बंद. शेवरी, सुबाभूळ, वडाचा पाला तोडून उंच बांधायचा. जंताची पिल्लं तेवढं वर चढत नाहीत.

सोनूबाईनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "डोळं म्या बघंन. पाल्याचं चेतनाकडं." चेतनाला तेवढंच बरं वाटलं. आधीच झाडलोट, त्यात पाला तोडणं. ती रविवारी आणि संध्याकाळी कोयता घेऊन कड्याच्या बाजूला जायची, भारा डोक्यावर घेऊन उतरायची. केतन असला तर तो जायचा, पण तो असायचा कमी. ओल्या पाल्याचं पाणी मानेवरून पाठीत उतरायचं. घरी आली की ती भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीखाली नुसती पाय पसरून बसायची, चहासुद्धा नको वाटायचा.

सोनूबाई मात्र पापण्या बघण्यात रंगली होती. शेळी मांडीत धरायची, पापणी ओढायची, मान वाकडी करून बघायची. "लाल हाय. सोड." दुसरी. "हीबी लाल हाय." तिच्या आवाजात उत्साह होता. चेतनाला वाटलं, चला, लागला गुण.

भाद्रपदात चांदी नावाची शेळी चालता चालता बसली आणि उठेना. परवाच सोनूबाईनं तिचा डोळा बघून लाल आहे म्हटलं होतं. चेतना कामावरून नुकतीच आली होती. ती खाली बसली आणि पहिल्यांदाच स्वतः पापणी ओढून बघितली. आत कागदासारखं पांढरं होतं.

ती तशीच उठली. घरात जाऊन कार्ड आणलं. बाहेर अजून चांगला उजेड होता. ओट्यावर बसलेल्या सासूसमोर तिनं कार्ड धरलं आणि सगळ्यात फिक्या पट्ट्यावर बोट ठेवलं.

"आत्या, हा कुठला रंग?"

सोनूबाईनं डोळे बारीक केले. "लालच म्हन की."

चेतनानं बोट दुसऱ्या टोकाला नेलं. "आणि हा?"

सोनूबाईनं हात पुढे करून कार्ड घेतलं, नाकाजवळ नेलं, उजेडाकडे फिरवलं. मग ते मांडीवर उलटं ठेवलं.

"कधीपासून?" चेतनानं विचारलं.

"समदं पिवळं दिसतंय. धुक्यावानी. दोन दिवाळ्या झाल्या आसत्याल."

"दोन वर्षं? आणि बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? बोलले आसते तर केतननं दुसऱ्या दिवशी शेळ्या इकल्या आसत्या."

"डॉक्टरांना दिसत्यात म्हणालात ते जंत? तेही नाही दिसले?"

सोनूबाईनं नकारार्थी मान हलवली.

चेतनाला इतका राग आला की तिला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. "मी भारे वाहतेय, आत्या. मी लेंड्या गोळा केल्या. रजा टाकल्या, सुपरवायझरच्या शिव्या खाल्ल्या. आणि तुम्ही इथं बसून लाल हाय, लाल हाय करताय! चांदी मरेल ना आता."

"मरंल," सोनूबाई हळूच म्हणाली. "माज्यामुळं मरंल."

चेतनानं पिचकारी भरली आणि चांदीला औषध पाजलं. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी सांगितलं तसं ताकदीचं औषध आणि गुळाचं पाणी दिलं. चांदी दोन दिवस तग धरून होती. तिसऱ्या दिवशी गेली.

तेव्हापासून डोळे चेतनानं बघायचे असं ठरलं. कुणी ठरवलं नाही, ठरलं. बाकीच्यांच्या पापण्या तपासल्या तर आणखी तीन फिकट निघाल्या. त्यांना औषध पाजलं, त्या सावरल्या. पंधरवड्यातल्या एका रविवारी, कारखान्याला सुट्टी असायची तेव्हा, ती सकाळी गोठ्यासमोर दगडावर बसायची. सोनूबाई एकेक शेळी धरून आणायची. धरायला तिला डोळे लागत नव्हते, हातानं शिंगं ओळखायची. चेतना पापणी ओढून कार्ड धरायची आणि बोलायची, "बरी." "बरी." "हिला पाजू." आठवडाभर पाकिटातल्या गोळ्या बघायच्या आणि रविवारी हे. एकदा ती म्हणालीसुद्धा, "आत्या, माझ्या डोळ्यांना सुट्टीच नाही बघा." सोनूबाईनं पुढची शेळी जरा सावकाश आणली.

वस्तीत आणखी दोनतीन घरी शेळ्या होत्या. दोन गल्ल्या सोडून राहणारा नंदू हमालीचं काम करायचा आणि चारसहा शेळ्या पाळायचा. तोही एक दिवस आपली शेळी ओढत आला. "वहिनी, जरा बघा ना डोळा." चेतनानं बघितला, कार्डाचा फोटो त्याच्या मोबाइलवर पाठवला आणि म्हणाली, "आता तुझं तूच बघ रे. माझ्याच्यानं नाही होत."

शेळ्या मरायच्या थांबल्या. पण एक गोष्ट चेतनाच्या लक्षात यायला लागली आणि ती सांगावी कशी ते तिला कळेना. वरचेवर फिकट निघायची ती कबरी. औषध दिलं की सावरायची, पुन्हा तीनचार आठवड्यांत फिकी. तिची दोन्ही पिल्लंही तशीच. आणि मेलेल्यांतली पहिली पाट, तीही कबरीचीच. बाकीच्यांपैकी दोघीतिघींना तर आख्ख्या पावसाळ्यात नव्या औषधाची गरजच पडली नव्हती, आणि त्या त्याच गोठ्यात, तोच पाला खात होत्या.

डॉक्टर क्षमा पुन्हा आल्या तेव्हा चेतनानं त्यांना सोनूबाईसमोरच विचारलं. एकटीनं ऐकून घ्यायची तिची तयारी नव्हती.

"असतं असं," डॉक्टर म्हणाल्या. "कळपातल्या थोड्या शेळ्याच सगळ्यात जास्त जंत बाळगतात. त्यांच्यात ती ताकद नसते आणि पिल्लांतही येत नाही. त्यांच्या लेंड्यांतून सगळ्या गोठ्यात जंत पसरतात. कबरीला पुढे गाभण राहू देऊ नका. खरं तर ठेवूच नका. वाईट वाटेल, पण मी दुसरं सांगितलं तर ते खोटं होईल."

सोनूबाई कबरीच्या कानावरून हात फिरवत होती. "हिची आई अशी न्हवती," ती म्हणाली. "आजीबी न्हवती."

"नसेल मावशी. तेव्हा तुमच्या शेळ्या डोंगरभर हिंडायच्या. तेव्हा इतकं कळलंच नसतं."

त्या दिवशी सोनूबाई जेवली नाही. दुसऱ्या दिवशी जेवली, पण बोलली नाही. केतन घरी आला होता, त्यानं आईच्या शेजारी बसून बघितलं, उठून गेला. तिसऱ्या दिवशी नंदू आला. त्याला कुठून तरी कळलं होतं. तो म्हणाला, "मावशी, कबरी काढणार असाल तर मला द्या. दुधाची आहे. माझ्याकडे राहील, तुम्हाला कधीही येऊन बघता येईल. बाहेर कुठं देता?"

चेतना आतून ऐकत होती. तिला वाटलं, सुटलो. इथं मिटलं. नंदूचं घर दोन गल्ल्यांवर. सोनूबाई हो म्हणेल, रोज काठी टेकत जाईल, कबरीला पाला चारेल.

सोनूबाई म्हणाली, "तुला डाक्टर काय म्हनाली ते म्हाईत हाय का?"

"काय?"

"हिच्या पोटात खोड हाय. पिल्लातबी उतरती. तू नेशील, गाभन घालशील, आन तुज्या गोठ्यात हिच्या लेंड्या पडतील. तुज्याबी शेळ्या मरतील."

"अहो, औषध पाजीन की."

"म्याबी पाजत व्हते." ती थांबली. "दुसऱ्याच्या दावनीला ही खोड न्हाई बांधायची, नंदू. ज्यानं न्यायची त्यानं कापायलाच न्यायची."

नंदू चेतनाकडे बघायला लागला. चेतना दारात आली होती.

खाटकाशी बोलायला केतन गेला. तिथंही एक अडचण निघाली. कबरीला नुकतंच औषध पाजलं होतं. ते अंगातून पूर्ण उतरेपर्यंत तिचं मांस खायचं नाही, दूधही नाही, असं डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं. म्हणजे जनावर द्यायचं ठरलं आणि दिवस मात्र घरीच काढायचे. चेतना रोज कबरीचं दूध काढून मोरीत ओतायची. पांढरी धार नाल्यात जाताना बघवत नसे, म्हणून ती मागून पाणी टाकायची. सोनूबाई ते सगळे दिवस कबरीपाशी बसून होती. शेवरीची कोवळी डहाळी हातानं भरवायची. एकदाच चेतनाला म्हणाली, "चांगली चरती बघ. अंगाला लागलंय आता."

नेण्याच्या दिवशी तिनं दावं स्वतः सोडलं आणि केतनच्या हातात दिलं. पिल्लंही बरोबर गेली. कबरी उतारावर दोनदा थांबली, केतननं ओढली. सोनूबाईला तेवढ्या लांबचं दिसत नव्हतं. ती विचारत राहिली, "गेली का? वळली का?" आणि चेतना सांगत राहिली, "गेली, आत्या. आता पायऱ्यांवर आहे. आता वळली."

त्यानंतर डोळ्यांच्या ऑपरेशनला सोनूबाईनं नाही म्हटलं नाही. आतापर्यंत तिची भीती हीच होती, की आंधळी झाले असं कळलं तर शेळ्या जातील. ज्या जायच्या त्या गेल्या होत्या, उरल्या त्या थोड्या आणि धडधाकट होत्या. श्रुतिकानं नाशिकहून फोनवर समजावलं, की मोतीबिंदूला घाबरण्यासारखं काही नसतं. दिवाळीनंतर एका ट्रस्टच्या इस्पितळात उजव्या डोळ्याचं झालं. डोळ्याला पट्टी लावलेल्या सासूला चेतना रिक्षानं घरी घेऊन आली. धूळ लागायला नको म्हणून गोठ्यात पाऊल टाकायचं नाही असं सांगितलं होतं. सोनूबाई ओट्यावर काळा चष्मा लावून बसायची, आणि गोठ्यातल्या आवाजांवरून चुका काढायची.

पट्टी निघाल्यावरच्या एका सकाळी चेतना झाडून, पाला बांधून बाहेर आली. थंडी पडायला लागली होती. पावसाळ्यासारखा जंतांचा जोर आता राहिला नव्हता. डॉक्टरांनी डोळे महिन्यातून एकदा बघितले तरी चालतील असं सांगितलं होतं. चेतनानं केराची पाटी खाली ठेवली, कपाळावरचा घाम मनगटानं पुसला. सोनूबाई चष्मा वर करून तिच्याकडे बघत होती.

"काय झालं? चष्मा लावा ना."

"तुजं केस पांढरं झालं की गं," सोनूबाई म्हणाली. "हितं, कानापाशी."

"झाले ना. कधीचे."

"आन डोळ्याखाली काय झालंय हे? अशी कवा झालीस तू?"

चेतनाला हसू आलं, मग ते ओसरलं. "आत्ता नाही झाले, आत्या. तुम्हाला दिसतंय आत्ता."

सोनूबाई सरकली आणि ओट्यावर जागा केली. "बस जरा."

"बस जाईल माझी."

"जाऊ दे येक. दुसरी येती."

चेतना उभी राहिली, घड्याळ बघायला हात वर केला आणि तसाच खाली घेतला. मग बसली. सासूच्या खांद्याला खांदा लागला तरी सरकली नाही. आत शेळ्या वर बांधलेल्या पाल्याकडे मागच्या पायांवर उभ्या राहून ओढत होत्या, फांद्या मोडल्याचा आवाज येत होता. चेतनानं डोळे मिटून घेतले. कुणीतरी चहा ठेवायला हवा होता, पण दोघीही उठल्या नाहीत.